‘अल्गोराइम’मधील वृक्ष आणि त्यातून निसटलेला काळ

रेडिया पर्लमन यांच्या 1985 च्या ज्या निबंधातून ‘स्पॅनिंग ट्री’ची रीत पुढे आली, त्याच्या सारांशाच्या जागी बारा ओळींची एक कविता आहे. ‘अल्गोराइम’ हे तिचे नाव. जॉयस किल्मर यांच्या 1913 मधील ‘ट्रीज’चे ते विडंबन होय, परंतु ‘झेंडूची फुले’ वाचलेल्या मराठी वाचकाला विडंबनात जो उपहास अपेक्षित असतो, तो येथे नाही. मूळ रचनेचा साचा तेवढा उसना घेऊन त्यात गणितातला वृक्ष बसविला आहे : कोणत्याही दोन बिंदूंमध्ये एकच वाट, फेरा कोठेही नाही. (पारंब्या रुजवून फेरे निर्माण करणारा वड या व्याख्येत बसणार नाही.)

कवितेचा गुण तिचा संक्षेप, आणि तिची उणीवही त्यातच आहे. मुळाची निवड होते, कमीत कमी खर्चाच्या वाटा आखल्या जातात, वृक्ष सिद्ध होतो. सर्व काही एकदाच घडून संपल्यासारखे. वस्तुतः हा वृक्ष सतत टिकवावा लागतो. 1990 च्या 802.1डी या मानकातील नेहमीच्या मूल्यांप्रमाणे मूळ ब्रिज दर 2 सेकंदांनी आपला बीपीडीयू हा निरोप पाठवितो. तो ब्रिज ओलांडून जसाच्या तसा पुढे जात नाही. प्रत्येक ब्रिज तो स्वतः नव्याने रचतो. म्हणून टिपलेल्या पॅकेटांत प्रेषकाचा पत्ता शेजाऱ्याचा असतो आणि मुळाची ओळख आतल्या मजकुरात असते. निवेदकालाच लेखक समजण्याची चूक विद्यार्थी कथेत करतो, तशीच येथेही करतो.

खरी कसोटी मात्र दोष शोधताना लागते. दोन धाग्यांच्या प्रकाशतंतूपैकी एकच निकामी झाला, असे समजा. बंद ठेवलेल्या पोर्टावर शेजाऱ्याचे निरोप येणे थांबते. जास्तीत जास्त 20 सेकंद वाट पाहून स्विच मानतो की पलीकडे कोणी नाही. मग 15 व 15 सेकंदांच्या दोन पायऱ्या चढून तो ते पोर्ट उघडतो. फेरा जुळतो. ईथरनेटच्या चौकटीला आयुर्मर्यादा नसल्यामुळे सर्वांसाठीचा एकच संदेश अखंड फिरत व वाढत राहतो. वायरशार्कच्या पडद्यावर मग एखाद्या निरपराध संगणकाच्या एआरपी विचारणांचा पूर दिसतो, आणि घाईचा वाचक त्यालाच दोषी ठरवितो. सर्वांत मोठ्याने बोलणारे पात्र येथे सर्वांत कमी जबाबदार असते. पुरावा असतो पुराच्या जवळजवळ पाऊण मिनिट आधी : दर 2 सेकंदांनी येणारी ओळ जेथे तुटते त्या जागी, आणि त्यानंतर त्याच पोर्टातून हा स्विच स्वतः बीपीडीयू पाठवू लागतो त्या क्षणी.

हा क्रम कवितेत नाही. सारांशाकडून तो मागणे अन्यायाचे होईल. पण तेवढ्यावर विषय शिकविणे हाही विद्यार्थ्यांवर अन्यायच. काळाच्या स्तंभाकडे दुर्लक्ष करून टिपण वाचणे म्हणजे नाटकातील विराम गाळून संवाद वाचणे होय.

तथापि प्रत्येक शांतता अर्थपूर्ण मानण्याचेही कारण नाही. काही स्विचांचे मिरर पोर्ट वेगळी मांडणी केल्याखेरीज बीपीडीयूची प्रत देतच नाहीत. तेथे निरोप न दिसणे हा जाळ्याचा दोष नसून प्रतीतला पाठ गळालेला असतो. त्यामुळे तारेच्या दोन्ही टोकांची टिपणे ताडून पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये.