एक किताब, दोन केसरी

प्रतिस्पर्धी संघटनेच्या उदयाने महाराष्ट्रातील कुस्तीच्या व्यवहारात जे पालट घडले, त्यांची स्तुती व निंदा दोन्ही सढळ हाताने चालू आहेत. आम्हांस दोहोंतही विवेक थोडा दिसतो.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ साली स्थापन झाली; ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब १९६१ पासून सुरू झाला. माती व गादी या दोन विभागांतील विजेत्यांची गाठ घालून एकच केसरी ठरवावयाचा, ही योजना मार्मिक होय. कारण मातीवरचा पैलवान व गादीवरचा पैलवान हा भेद तीत अखेरच्या कुस्तीने मिटतो. २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने परिषद बरखास्त केली, नवा संघ उभा राहिला, आणि जो भेद मैदानात मिटत होता तो कचेरीत उत्पन्न झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगाव येथे सिकंदर शेख केसरी झाला. तेथे हरलेला शिवराज राक्षे त्याच महिन्यात धाराशिवास केसरी झाला. दोघांच्या बळाविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती किताबाविषयी. २०२५ मध्येही अहिल्यानगर व कर्जत अशी दोन मैदाने झालीच.

स्पर्धेने काहीच साधले नाही, असे मात्र म्हणवत नाही. दूरचित्रवाणीवर २०१८ साली मल्लांचे संघ पाडून दंगल झाली, विजेत्यांस चारचाकी गाड्या मिळू लागल्या. खुराकापायी कर्जबाजारी होणाऱ्या घरास हा आधार लहान नव्हे.

परंतु शिरूर व दौंड तालुक्यांतील यात्रांचे हगामे पाहावेत. तेथे पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर व नारळावर लागतात, अखेरची मोठ्या इनामावर. यात्रेचे पंच वर्गणीच्या मानाने इनाम ठरवितात, हलगी कडाडते, आणि पाठ मातीला लागली की वाद संपतो. या गावचा हगामा त्या गावच्या हगाम्याशी ईर्ष्या करतो ती इनामाच्या रकमेने व जोडीच्या तोलाने. ‘आमचाच निकाल खरा’ असे कोणी म्हणत नाही. भीमा-घोडच्या काठचे पोर पहाटे जोर-बैठका मारते ते एका केसरीपदाकडे दृष्टी लावून.

सारांश, इनामे कितीही वाढोत, ती अनेकांनी द्यावीत. किताब मात्र एकानेच द्यावा. इनाम दोघांत वाटता येते, मान वाटला की तो मानच राहत नाही. संघटनांनी आपली कुस्ती आधी निकाली करावी, मग पैलवानांची लावावी.