सोंगाड्याला दिग्दर्शक हवा

दादा कोंडके यांच्याविषयी मराठीत चर्चा निघाली की ती द्वयर्थी संवाद, सेन्सॉरशी झालेल्या झटापटी आणि रौप्यमहोत्सव साजरे करणाऱ्या नऊ चित्रपटांची गिनीज बुकातली नोंद, एवढ्यातच घुटमळते. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हिशेब कुणी मांडत नाही. तो न मांडल्यामुळेच आजच्या मराठी विनोदी चित्रपटाचं नेमकं काय हरवलंय, हेही आपल्याला सांगता येत नाही.

1932 साली मुंबईत नायगावच्या गिरणगावी वस्तीत जन्मलेला हा माणूस अपना बाजारात नोकरी करत सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आला. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मधल्या हवालदारानं त्यांना गावोगाव नेलं. भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’तून 1969मध्ये ते पडद्यावर आले आणि 1971च्या ‘सोंगाड्या’नं नाव झालं. त्या चित्रपटाला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळेना, तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, हा किस्सा सर्वांना पाठ आहे. पण ‘सोंगाड्या’चे दिग्दर्शक गोविंद कुलकर्णी होते, हे किती जणांना आठवतं? दादा स्वतः दिग्दर्शनात उतरले ते 1975च्या ‘पांडू हवालदार’पासून.

‘विच्छा’चा हवालदार तमाशाच्या मुशीतला. समोर प्रेक्षक बसलेला, त्याच्या हशावर पुढचं वाक्य ठरणार. आदल्या गावात चाललेला विनोद या गावात पडला तर जागच्या जागी फिरवायचा. बतावणीचं सारं बळ या देवघेवीत आहे. कॅमेऱ्यापुढे मात्र समोर कुणीच नसतं. हशा केव्हा येईल आणि किती वेळ टिकेल, हे दिग्दर्शकाला शूटिंगच्या वेळी आणि मग संकलनाच्या टेबलावर अंदाजानं ठरवावं लागतं. ‘पांडू हवालदार’मध्ये दादांचा हा अंदाज क्वचितच चुकतो. वाक्य टाकून ते चेहरा कोरा ठेवतात, समोरच्याला अर्थ उशिरा लागू देतात आणि कॅमेरा दोघांना एकाच चौकटीत धरून थांबतो. अशोक सराफ यांचा सहकारी हवालदार त्यात नुसता जोडीला उभा नाही. फडात सोंगाड्याला सुरुवात करून देणारा सरदार असतो, तसा तो आहे. उषा चव्हाण यांची केळेवाली पारूही पांडूला तोडीस तोड उत्तर देते. दोघांपैकी कुणाचं पारडं जड, हे शेवटपर्यंत कळत नाही, म्हणून प्रसंग जिवंत राहतो.

पुढे हे पारडं कलंडलं. ‘राम राम गंगाराम’पर्यंत (1977) गोष्टीला अजून वजन आहे. ‘मुका घ्या मुका’पर्यंत (1986) येता येता नाव आधी आणि चित्रपट मागाहून सुचला असावा, अशी शंका येते. बाई निमित्तापुरती उरली आणि गाव ठरीव सेटसारखं झालं. लोंबत्या नाडीची चड्डी ही व्यक्तिरेखेची खूण होती, ती दुकानाची पाटी झाली. दादांवर अश्लीलतेचा आरोप करणाऱ्या पांढरपेशा समीक्षेनं हा फरक पाहिलाच नाही. तिच्या लेखी 1975 आणि 1986 सारखेच. खरं तर तक्रार करायची होती ती आळसाची.

दादा चलतीत असतानाच सूत्रं शहराकडे गेली. महेश कोठारेंचा ‘धूमधडाका’ (1985) श्रीधर यांच्या तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’वर बेतलेला होता. सचिन पिळगावकरांचा ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची वाट धरून आला. दोघांचीही गती आणि बांधणी पक्की, ‘बनवाबनवी’ तर आजही कुठूनही लावावा आणि पाहत बसावं असा. पण यातला विनोद कथानकाच्या गुंत्यातून येतो, मातीतल्या बोलीतून नव्हे.

तेलुगूत याच सुमाराला जंध्याल यांनी वेगळी वाट काढली. नाटककार आणि ‘शंकराभरणम्’चे संवादलेखक असलेले जंध्याल कुटुंबातल्या माणसांच्या खोडींवर, बोलण्याच्या लकबींवर आख्खे चित्रपट उभे करत. ‘अहा ना पेळ्ळंटा’मधून (1987) त्यांनी ब्रह्मानंदम् हा तेलुगूचा प्राध्यापक आंध्रातल्या घराघरांत पोचवला. आपल्याकडेही एक प्राध्यापक होता. नगरच्या अहमदनगर कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या मधुकर तोरडमलांनी ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’मधल्या प्रोफेसर बारटक्क्यांच्या ‘ह’च्या बाराखडीवर हजारो प्रयोग गाजवले. रंगभूमीनं त्यांना डोक्यावर घेतलं. चित्रपटानं त्यांच्याकडून चरित्र भूमिका करून घेतल्या, पण त्यांचा विनोद पडद्यासाठी रचणारा जंध्याल त्यांना भेटला नाही. शेवगाव तालुक्यातल्या अमरापूरचं नाव लावणाऱ्या सदाशिव अमरापूरकरांचंही तेच. त्यांच्यातला विनोदी नट खुलवला तो हिंदीनं, डेव्हिड धवन यांच्या ‘आँखें’सारख्या चित्रपटांतून.

नगर जिल्ह्यानं अलीकडे चित्रपटाला दिग्दर्शक दिले, हेही खरं. श्रीगोंदा तालुक्यातल्या भाऊराव कऱ्हाडेंचा ‘ख्वाडा’ राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत पोचला. करमाळ्याकडच्या नागराज मंजुळेंनी ‘पिस्तुल्या’ केला तो नगरमध्ये शिकत असताना. दोघांच्याही चित्रपटांत बोलीतला बारकावा अचूक आणि हसूही भरपूर, पण ते दुःखाच्या वाटेवरचं. फक्त हसवण्याची जोखीम त्यांनी घेतलेली नाही. ती घेणारे उमेश कुलकर्णी (‘वळू’, 2008) आणि परेश मोकाशी (‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, 2009) यांच्याकडे दिग्दर्शकाची नजर निश्चित आहे. ‘वळू’त एका बैलाभोवती सगळं गाव उलगडतं. सोंगाड्याला मात्र त्यांच्या चौकटीत जागा नाही. 2021च्या ‘पांडू’नं दादांना मानवंदना दिली, पण वेशभूषा आणि लकबी उचलल्या. थांबण्याची ती जागा मात्र उचलता आली नाही.

आणि सोंगाड्या अजून आहे. कांताबाई सातारकरांचा फड संगमनेरचा, त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर याच कलेतले नावाजलेले सोंगाड्या. दसऱ्यानंतर फड बाहेर पडतात, जत्रांच्या दिवसांत रोज नवं गाव, नवा प्रेक्षक. तिथली बतावणी दर रात्री नव्यानं घडते. नगरच्या महाकरंडकासारख्या एकांकिका स्पर्धांतून पुढे आलेले दिग्दर्शक मराठी चित्रपटात जाऊ पाहतात. त्यांना विनंती एवढीच की, पुढची पटकथा लिहिण्याआधी एक हंगाम संगमनेरच्या फडामागे फिरा आणि सोंगाड्याकडे बघताना एक डोळा प्रेक्षकांवरही ठेवा.