पाठिंबा दिला, म्हणजे काय केलं?



निवडणूक जवळ आली की लोकप्रतिनिधींचे कार्यअहवाल घरोघरी येतात. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर हात जोडलेला फोटो, आणि आत एक लांबलचक यादी. इतके प्रश्न विचारले, इतक्या लक्षवेधी सूचना दिल्या, अमुक ठरावांना पाठिंबा दिला. विषय सगळे चांगले असतात : कुपोषण, व्यसनमुक्ती, कर्करोग, दिव्यांगांचे हक्क. यांच्या विरुद्ध कोण बोलणार? आज मला त्या यादीतल्या एकाच क्रियापदाबद्दल बोलायचं आहे. 'विहीर खणली' असं लिहिलं असेल तर आपण जाऊन विहिरीत वाकून बघू शकतो. पण 'पाठिंबा दिला' असं लिहिलं असेल तर काय बघायचं?

ऑस्टिन नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने एक साधी गोष्ट दाखवून दिली. काही वाक्यं जगाचं वर्णन करत नाहीत, ती बोलणं हीच कृती असते. 'मी वचन देतो' असं म्हटलं की वचन दिलं गेलं. पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, ती कृती पुरी व्हायला काही अटी लागतात. ज्याच्या हातात काही नाही त्याने राज्य दान केलं तर ते दान होत नाही. सभागृहातला ठराव ही अशीच शब्दांनी केलेली कृती आहे. मग तिच्या अटी कोणत्या? हाच आजचा प्रश्न.

यावर दोन सोपी उत्तरं तयार असतात. पहिलं निंदकाचं : 'ठराव म्हणजे नुसता कागद.' त्याच्या बाजूने पुरावाही आहे. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये 'अर्ली डे मोशन' नावाचा प्रकार आहे. सदस्य एखाद्या आजाराबद्दल, एखाद्या सामाजिक प्रश्नाबद्दल दोन-चार ओळींचा प्रस्ताव दाखल करतो, बाकीचे खाली सह्या करतात. यांतल्या बहुतेकांवर कधीच चर्चा होत नाही. मंत्री तर संकेत म्हणून सहीसुद्धा करत नाहीत. आपल्याकडे लोकसभेत शुक्रवारी दुपारचे अडीच तास अशासकीय कामकाजाला राखलेले असतात, आणि स्वातंत्र्यानंतर आजवर अशासकीय विधेयकांतून झालेले कायदे आहेत फक्त 14. शेवटचा 1970 सालचा. दुसरं उत्तर भक्ताचं : 'साहेबांनी आवाज उठवला!' आवाज उठला हे खरं, पण तो कुणाच्या कानापर्यंत गेला, हे भक्त विचारत नाही.

मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. का, ते सांगायला मी आपल्याच मुंबई इलाख्यातली तीन उदाहरणं घेते. एक ठराव मंजूर झाला, एक विधेयक कायदा झालं, आणि एक ठराव पडला.

पहिलं उदाहरण सीताराम केशव बोले यांचं. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात त्यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालयं आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय. आपण हा ठराव सामाजिक समतेच्या खात्यात टाकतो, आणि ते बरोबरच आहे. पण यादी पुन्हा ऐका. पाणी आणि दवाखाना. ज्याला स्वच्छ पाण्याला हात लावायची मुभा नाही आणि दवाखान्याची पायरी चढायची सोय नाही, त्याच्या आरोग्याचा हा ठराव होता.

सरकारने 11 सप्टेंबर 1923 ला खात्यांना तशा सूचना दिल्या. 1924 च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे आता ठरावावर ठराव झाला. आणि तळ्यावर काय झालं? काहीच नाही. पाणी भरायला कुणी गेलं नाही, कारण जाऊ दिलं नसतं हे सगळ्यांना माहीत होतं.

इथे निंदक म्हणेल, 'बघा, मी म्हणत नव्हतो?' थांबा, गोष्ट इथे संपत नाही. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांना घेऊन त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. बोले यांच्या ठरावाने काय बदललं होतं? त्याआधी तळ्यावर जाणारा माणूस 'मागणारा' होता. ठरावानंतर त्याला अडवणारा माणूस हा जाहीर केलेली गोष्ट मोडणारा ठरला. तर्कशास्त्रात आम्ही म्हणतो तसं, सिद्ध करण्याची जबाबदारी या बाजूवरून त्या बाजूला गेली. ही काही लहान गोष्ट नाही. विरोधकांनाही हे कळलं होतं. म्हणून तर 1927 च्या ऑगस्टमध्ये महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. नुसता कागद असता तर तो फाडायची एवढी घाई कशाला केली असती?

पण भक्तालाही इथे मोकळं सोडता येत नाही. पुढे हे प्रकरण कोर्टात गेलं आणि 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. तो कशाच्या जोरावर? बोले यांच्या ठरावाच्या जोरावर नव्हे. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून चालत आलेली आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही, म्हणून ते हरले. म्हणजे ठरावाने नैतिक बाजू फिरवली, पण कायद्याच्या ताकडीत त्याचं वजन पडलं नाही. तळं अखेर मोकळं झालं ते चालत गेलेल्या माणसांमुळे आणि दहा वर्षं कोर्टात टिकून राहिल्यामुळे.

आता दोष कुठे होता ते बघू. आपल्याकडे ठराव लिहिण्याचं एक ठरलेलं व्याकरण आहे. 'मुभा देण्यात यावी.' 'उपाययोजना करण्यात यावी.' 'दक्षता घेण्यात यावी.' या वाक्यांत कर्ता कुठे आहे? नाही. मुभा कुणी द्यायची, कुणी नाही दिली तर त्याला कोण विचारणार, हे या प्रयोगात अलगद गायब होतं. मराठीतलं हे सगळ्यात सोयीचं वाक्य आहे बरं का. त्यात सगळ्यांची संमती असते आणि कुणाचीच जबाबदारी नसते. शिफारसवजा ठरावाचा स्वभावच असा.

आणि बोले यांचं मोठेपण मला इथे दिसतं. 1923 च्या ठरावात नाही, 1926 च्या ठरावात. त्या वर्षी 5 ऑगस्टला ते त्याच सभागृहात पुन्हा उभे राहिले. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिला ठराव अमलात आणत नाहीत, त्यांचं सरकारी अनुदान बंद करावं, असा हा दुसरा ठराव होता. पहिल्या ठरावात सदिच्छा होती. दुसऱ्यात कर्ता आला, पैसा आला, आणि न केल्यास काय होईल तेही आलं. तीन वर्षांनी माणूस परत आला आणि त्याने विचारलं, 'त्याचं काय झालं?' पाठिंब्याची खरी सही ही.

दुसरं उदाहरण 1928 चं. गिरण्या-कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी असं विधेयक मुंबई कायदेमंडळात होतं. आधी 1924 मध्ये ना. म. जोशी यांनी केंद्रीय कायदेमंडळात असंच विधेयक आणलं होतं, ते फेटाळलं गेलं होतं. मुंबईतलं विधेयक आंबेडकरांचं नव्हतं, ते पाठिंबा देणारे होते. तेव्हा आपल्या प्रश्नाला हे उदाहरण अगदी नेमकं लागू पडतं. पाठिंबा देताना त्यांनी मातृत्वाची स्तुती केली आणि खाली बसले, असं झालं नाही. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचं हित आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने उचलायला हवा, असं ते म्हणाले. पण त्या बाईच्या श्रमाचा फायदा मालकाला मिळतो, तेव्हा त्याच्यावर काही भार टाकणं न्याय्य आहे, हेही त्यांनी मांडलं. पैसे कुणी द्यायचे आणि का, हा अडचणीचा प्रश्न त्यांनी स्वतःहून अंगावर घेतला. 1929 मध्ये कायदा झाला.

त्या कायद्याचीही समीक्षा केली पाहिजे. तो कारखान्यातल्या बाईपुरता होता. शेतात खुरपणाऱ्या, दुसऱ्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईपर्यंत तो पोचला नाही, आणि आजही बाळंतपणाची भरपगारी रजा त्या बाईला कुठे मिळते? 2017 मध्ये रजा 26 आठवड्यांची झाली. भार मात्र पुन्हा जवळजवळ सगळा मालकावर. मग 'बायकांना कामावर घेणंच महाग पडतं' ही तक्रार सुरू होते. 'हा भार खरं तर सरकारचा' हे आंबेडकरांच्या युक्तिवादातलं अर्धं वाक्य आपण सोडून दिलं, त्याची ही किंमत आहे. पाठिंब्याची भाषणं नीट वाचली तर त्यांत असे न उचललेले धागे सापडतात.

तिसरं उदाहरण हरलेल्या ठरावाचं. 10 नोव्हेंबर 1938. मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा अशासकीय ठराव आला. लोकांमध्ये त्याचा जोरदार प्रचार करावा आणि साधनांची पुरेशी सोय करावी, असं त्यात म्हटलं होतं. आंबेडकरांचं भाषण त्यांच्या गैरहजेरीत पी. जे. रोहम यांनी सभागृहात मांडलं. गरिबी, मुलांचं संगोपन, वारंवारच्या बाळंतपणांनी होणारी बायकांच्या शरीराची हानी, आणि मूल हवं की नको हे ठरवण्याचा बाईचा अधिकार, असे मुद्दे त्यात होते. 1938 मध्ये! बाहेर र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मधून हेच लिहीत होते आणि खटले झेलत होते, आणि त्यांतल्या एका खटल्यात त्यांचे वकील आंबेडकरच होते. ठराव पडला. पुढे स्वतंत्र भारताने 1952 मध्ये कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला, तेव्हा असं करणारा जगातला तो पहिला देश ठरला.

1938 च्या ठरावामुळे 1952 चा कार्यक्रम झाला, असं मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा नाही, आणि 'आधी झालं म्हणून त्यामुळे झालं' हा दोष आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. या पाठिंब्याला किंमत होती, कारण त्यात तोटा पत्करलेला होता. विषय लाजिरवाणा समजला जायचा, मतं जाण्याची शक्यता होती, हार दिसत होती. कर्करोगाविरुद्धच्या ठरावाला पाठिंबा देताना कुणाचं काय जातं? जिथे काहीच जात नाही तिथे पाठिंबा ही कृती पुरी होत नाही, असं मला वाटतं. अर्थात उलटंही खरं नाही. पडलेला प्रत्येक ठराव थोर असतो असं नाही. काही ठराव पडतात ते पडण्याच्याच लायकीचे असतात म्हणून.

तर कार्यअहवाल हातात आला की चार प्रश्न विचारायचे. ठरावात कर्ता कोण होता? पैसा कुठून येणार होता? न केल्यास काय होणार होतं? आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा : तुम्ही परत जाऊन विचारलंत का?

यावर एक आक्षेप येईल आणि तो वाजवी आहे. विरोधी बाकावरचा एकटा सदस्य काय करणार? त्याच्या हातात ना तिजोरी, ना खातं. त्याच्याकडून एवढी अपेक्षा अन्यायाची नाही का? मला वाटतं, नाही. पहिल्या तीन प्रश्नांची पुरी उत्तरं त्याच्याकडे नसतील, हे मान्य. पण चौथ्याला तिजोरी लागत नाही, लक्षात ठेवणं लागतं. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली की नाही हे बघायला लोकसभेत 1953 पासून आश्वासन समिती आहे. तारांकित प्रश्न आहेत, अर्धा तास चर्चा आहे. ठराव विसरला गेला असेल तर तो पुन्हा वर काढण्याची साधनं सगळी जागेवर आहेत. बोलेही काही मंत्री नव्हते.

आणि आपलं काय? मत देणाऱ्यांचं? आपण यादी मोजतो. कुणी किती प्रश्न विचारले याचे तक्ते आता वर्तमानपत्रांत येतात, आकड्यांवरून क्रमांक लागतात. अशा तक्त्यात 1923 चा बोले यांचा ठराव एक आणि 1926 चा एक, दोन्हींचे गुण सारखे. आणि 1938 चा पडलेला ठराव कदाचित शून्य. आपण ज्या गोष्टीचे गुण देतो तीच गोष्ट आपल्याला भरपूर मिळते, हा साधा हिशेब आहे. पाठिंब्यांची यादी मागितलीत, तर यादीच मिळेल.

म्हणून यावेळी अहवाल घेऊन कुणी दारात आलं, तर चहा द्या, यादीतला तुमच्या जवळचा एक विषय निवडा, आपल्या तालुक्यातलं ग्रामीण रुग्णालय असेल किंवा शाळेतलं पिण्याचं पाणी असेल, आणि एवढंच विचारा : 'तुम्ही पाठिंबा दिलात, छान केलंत. त्यानंतर तुम्ही पुन्हा कधी विचारलंत?' उत्तर देताना ते तारीख सांगतात का, तेवढं बघा.

आता प्रश्न विचारा.