घर, चर्च आणि वसंत : शेमस हीनी यांच्या एका सुनीतमालेविषयी

धार्मिक काव्याचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा संकटाच्या क्षणापाशी येऊन थांबते. श्रद्धा गवसली तो क्षण, श्रद्धा ढळली तो क्षण, ईश्वराने पाठ फिरवली असे वाटले तो क्षण, एवढेच काय ते काव्याला योग्य असे आपण गृहीत धरतो. आधुनिक युरोपातील कॅथलिक साहित्याने हा समज अधिकच दृढ केला आहे. जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स १८६६ मध्ये, सिग्रिड उंडसेट १९२४ मध्ये आणि ग्रॅहॅम ग्रीन १९२६ मध्ये, असे हे तिघेही जाणत्या वयात या पंथात आले. निवडलेल्या श्रद्धेला स्वभावतःच नाट्य असते. पण बहुसंख्य माणसांनी आपली श्रद्धा निवडलेली नसते. घरातील पितळी भांडी, आजीचे शब्द आणि जेवणाच्या वेळा जशा आपसूक वाट्याला येतात, तशीच तीही येते. जिच्यात काही घडत नाही, जी केवळ चालू असते, अशा श्रद्धेचे काव्य होऊ शकते काय? आणि होत असेल, तर ते मोजण्याचे माप आपल्यापाशी आहे काय?

हा प्रश्न आयरिश कवी शेमस हीनी (१९३९–२०१३) यांच्या ‘क्लिअरन्सेस’ या सुनीतमालेच्या आधारे तपासता येईल. उत्तर आयर्लंडमधील डेरी परगण्यातल्या एका कॅथलिक शेतकरी कुटुंबात, नऊ भावंडांतील थोरला मुलगा म्हणून हीनी वाढले. १९८४ मध्ये त्यांच्या मातोश्री निवर्तल्या. १९८७ च्या ‘द हॉ लँटर्न’ या संग्रहात त्यांच्या स्मृतीस वाहिलेली आठ सुनीते आली. हीनी यांना १९९५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि त्यांच्या देशबांधवांच्या मनात त्यांचे जे स्थान आहे, ते या आठ सुनीतांतील तिसऱ्याने अधिक उघड केले. २०१५ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेने मागील शंभर वर्षांतील लोकांची आवडती आयरिश कविता निवडण्यास सांगितले, तेव्हा लोकांनी याच कवितेला कौल दिला.

तिसऱ्या सुनीताचा विषय अगदी साधा आहे. घरातील इतर सारे मिस्साला गेले आहेत. आई आणि मुलगा दोघेच मागे राहून बटाटे सोलत आहेत. सोललेला बटाटा बादलीतल्या स्वच्छ पाण्यात पडतो; मध्ये शांतता, मग पुन्हा पाण्याचा बारीक आवाज. पुढे दृश्य बदलते. आई मरणशय्येवर आहे, धर्मगुरू मोठ्या जोमाने अंत्यसमयीच्या प्रार्थना म्हणत आहेत, कोणी त्यांना प्रतिसाद देत आहे, कोणी रडत आहे. आणि मुलाला आठवते ते तिचे आपल्याकडे झुकलेले मस्तक, तिचा श्वास आणि पाण्यात सहज बुडणाऱ्या दोन सुऱ्या. त्या दिवसाइतकी जवळीक आयुष्यात पुन्हा कधी झाली नाही, असे तो म्हणतो.

या कवितेचे जे वाचन सर्वांना लगेच सुचते, ते असे की, खरी मिस्सा स्वयंपाकघरात झाली. चर्चमधली ती केवळ उपचाराची. पाण्याची बादली हे तीर्थकुंड, सोलणे हा विधी, आणि धर्मगुरूंचा जोम हा पोकळ कोलाहल. हे वाचन आकर्षक आहे, आणि आजच्या वाचकाला सोयीचेही आहे. त्यात पावित्र्य राहते आणि धर्म वगळता येतो. माझ्या मते मात्र ते कवितेला पुरेसा न्याय देत नाही. स्वयंपाकघरातील ती निवांत वेळ आली कोठून? नऊ मुलांच्या घरात आई एकट्या एका मुलाच्या वाट्याला येते, ती इतर सारे मिस्साला गेले म्हणूनच. त्या शांततेची चौकट चर्चच्या घंटेने आखून दिली आहे. सोललेले बटाटेही मिस्साहून परतणाऱ्यांच्याच ताटात पडायचे आहेत. घर आणि चर्च यांचा येथे विरोध नाही. एकाच दिनक्रमाची ती दोन दालने आहेत, आणि एकात गेलेल्यांमुळे दुसऱ्यात जागा मोकळी झाली आहे. मालेचे शीर्षकही अशा मोकळ्या झालेल्या जागांकडेच बोट दाखवते.

हे केवळ अनुमान नाही, याची साक्ष सहावे सुनीत देते. तिसऱ्याच्या मानाने त्याची चर्चा कमी होते, आणि मालेचे मर्म तर तेथेच आहे. हा वसंत आहे. ईस्टरच्या सुटीचे पहिले दिवस, पवित्र सप्ताहातील विधी, आणि तीच दोघे, आई आणि मुलगा, या वेळी गच्च भरलेल्या चर्चमध्ये पुढच्या बाजूस कोपराला कोपर लावून गुडघे टेकलेली. ईस्टर हा चांद्रगणनेने येणारा सण आहे. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा तो पहिला रविवार. म्हणजे आपल्याकडे फाल्गुन सरून चैत्र लागतो त्या सुमारास तो पडतो. चाळीस दिवसांचा उपवासकाळ संपत आलेला असतो. गुरुवारपासून मुक्या झालेल्या घंटा जागरणाच्या रात्री पुन्हा वाजतात, नवा अग्नी चेतवला जातो, त्यावरून पास्काची मेणबत्ती पेटते, बाप्तिस्म्याचे पाणी आशीर्वादिले जाते. पूर्वी शनिवारी सकाळीच उरकल्या जाणाऱ्या या जागरणाला रात्रीची वेळ १९५१ पासून प्रथम ऐच्छिक म्हणून आणि १९५६ पासून नियम म्हणून परत मिळाली. हीनी १९५१ ते १९५७ या वर्षांत डेरी शहरातील निवासी शाळेत शिकत होते. मध्यरात्रीचा तो अग्नी त्यांच्या पिढीला नवा होता, आणि ईस्टरची सुटी म्हणजे घरी, आईकडे परतणे होते. ऋतूचा, सणाचा आणि घराचा आनंद येथे एकमेकांपासून वेगळा काढता येत नाही. त्या वयातील मातृप्रेमाला कवी डी. एच. लॉरेन्सच्या ‘सन्स अँड लव्हर्स’ या कादंबरीचे नाव देऊन स्वतःची हलकी थट्टाही करतो. एरवी भाबडी ठरली असती ती आठवण या थट्टेने सावरली जाते.

या सुनीतातील एक तपशील मला निर्णायक वाटतो. आई आणि मुलगा पाण्याच्या आशीर्वादाचे शब्द आणि त्यासोबतच्या सूचना पुस्तकात पाहून एकत्र अनुसरत आहेत. याच्या आधीचे चौथे सुनीत आठवावे. तेथे शब्द हेच दोघांमधील अंतर आहे. आई मोठमोठी नावे उच्चारताना अडखळते, किंवा अडखळल्याचे दाखवते. आणि शिकलेला मुलगा तिच्यासमोर जाणूनबुजून अशुद्ध बोलतो, व्याकरण मोडतो, की तिला दुरावल्यासारखे वाटू नये. शिक्षणाने मायलेकांत पाडलेली ही फट आपल्याकडील कितीतरी घरांना परिचित असेल. विधीच्या पुस्तकापुढे मात्र ही फट बुजते. तेथील शब्द मुलाने शाळेतून आणलेले नसतात आणि आईने घरात घडवलेले नसतात; दोघांनाही ते सारखेच परके आणि सारखेच आपले असतात. हरिणी जशी पाण्याच्या ओढीने तळमळते, त्या तळमळीचे बेचाळिसावे स्तोत्र कवितेत येते, ते दोघांच्या तोंडी एकाच अधिकाराने येते. वंशपरंपरेने आलेल्या श्रद्धेचे हे एक कार्य आपली समीक्षा क्वचितच लक्षात घेते. परस्परांशी बोलता न येणाऱ्या माणसांना ती एक समान वाक्य देते.

पाचव्या सुनीतात हीच गोष्ट शब्दांविना घडते. दोरीवरून काढलेल्या गार चादरी दोघे घडी करीत आहेत. पिठाच्या पोत्यांपासून आईनेच त्या शिवलेल्या आहेत. टोके धरून ताणणे, झटकणे, जवळ येणे, क्षणभर हाताला हात लागणे आणि पुन्हा मागे सरणे, एवढेच. काही विशेष घडले नाही, कारण जे घडले ते रोजच घडत आले आहे, असा कवितेचा भाव. येथे हीनींनी आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. नित्याच्या श्रद्धेची लय ही पुनरावृत्तीची लय आहे. जवळ येणे आणि दूर होणे हीच वार्षिक सणांची, उपवासाची आणि पारण्याची रीत. सुनीताचा रचनाबंधही मुळात असाच आवर्तनाचा असल्यामुळे, आशय आणि रूप येथे वेगळे उरत नाहीत.

मराठी वाचकाला येथे जनाबाईची आठवण होणे स्वाभाविक आहे. दळणकांडणात देव शोधण्याची आपली परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. परंतु साम्य दाखवून थांबणे बरे नव्हे. जनाबाईच्या जात्यापाशी विठ्ठल स्वतः येऊन बसतो, खुंट्याला हात लावतो. हीनींच्या स्वयंपाकघरात कोणीही येत नाही. तेथे दोन माणसे आहेत, बादली आहे, पाणी आहे. देव आला असे कवी म्हणत नाही, तो आला नाही असेही म्हणत नाही. भक्तिकाव्याचे समाधान या कवितेवर लादले, तर तिच्या प्रामाणिकपणाला बाध येईल.

माझ्या विवेचनावर एक आक्षेप मालेतूनच घेता येतो. पहिल्याच सुनीतात एक दगड भिरभिरत येतो. कवीची पणजी प्रॉटेस्टंट होती. कॅथलिक घरात लग्न करून पहिल्याच रविवारी ती मिस्साला निघाली, तेव्हा तिच्यावर तो फेकला गेला, आणि डेरीच्या इतिहासात फितुरीचे प्रतीक ठरलेल्या लुंडी या सुभेदाराचे नाव घेऊन लोकांनी तिची हेटाळणी केली. म्हणजे ज्या श्रद्धेला मी नित्याची आणि आपसूक वाट्याला आलेली म्हणत आलो, तिच्याही मुळाशी एक निवड आहे, आणि त्या निवडीची किंमत एका स्त्रीने मोजली आहे. येथे मला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आठवतात. पंथ वेगळा, देश वेगळा. पण १८९५ मध्ये पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर, आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेईपर्यंत, लक्ष्मीबाईंनी जे सोसले ते चूल, सोवळे आणि नातेवाईक यांच्या भाषेतच सांगितले आहे. धर्माचा इतिहास शेवटी स्वयंपाकघरात उतरतो, हे दोन्ही ठिकाणी सारखेच खरे आहे. आक्षेपाला माझे उत्तर एवढेच की, निवड एका पिढीची असते आणि सवय पुढच्यांची. हीनींना तो दगड वारशाने मिळाला; चांदीची भांडी किंवा लेस यांऐवजी दगडच, असे ते म्हणतात. बटाट्यांच्या बादलीतील शांतता त्या दगडाच्या पार्श्वभूमीवर वाचली, म्हणजे ती गोड राहत नाही, मोलाची होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हीनींची स्वतःची श्रद्धा पुढे ओसरली. ‘डिस्ट्रिक्ट अँड सर्कल’ (२००६) मधील ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’ या कवितेत त्यांनी सुचविले आहे की, हे ओसरणे रंगमंचावर घडलेच नाही, आणि जुने शब्द मात्र अजून ओढ लावतात. मग ही श्रद्धेची कविता म्हणावी, की स्मरणरंजनाची? मला वाटते, श्रद्धा म्हणजे मान्य केलेल्या विधानांची यादी असे धरले, तर ही कविता तिच्या बाहेर पडते. पण आचार, वेळापत्रक आणि एकत्र गुडघे टेकणे हाही श्रद्धेचा देह असेल, तर त्या देहाचे इतके अचूक चित्र श्रद्धाळू कवींनीही फारसे काढलेले नाही.

एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. या आठही सुनीतांत आई स्वतः काय मागत होती, कशावर विश्वास ठेवत होती, हे कळत नाही. तिचे श्रम मुलाच्या आठवणीत पवित्र झाले. तिला ते तसे वाटत होते काय, हे विचारण्याची सोय कवितेत नाही. वंशपरंपरेच्या श्रद्धेचे बहुतेक काव्य मुलांनी लिहिले आहे, आयांनी नव्हे. ‘स्मृतिचित्रे’चे महत्त्व या कसोटीवर अधिकच वाढते.

मालेच्या अखेरीस एक तोडलेले चेस्टनटचे झाड आहे, कवीच्याच वयाचे, आणि ते होते तेथे आता मोकळी जागा आहे. त्या जागेला कवी स्वर्ग म्हणत नाही. पण तो तिच्याभोवती हिंडतो, जसा एखादा माणूस घंटा वाजत नसतानाही ठरलेल्या वेळी सवयीने चर्चकडे वळतो. श्रद्धेच्या काव्यात आपण गर्जना शोधत आलो. बादलीत पडणाऱ्या बटाट्याचा आवाज ऐकू येण्याइतकी शांतता आपल्या समीक्षेने यापुढे राखावी, एवढीच अपेक्षा.