रक्ताचा सिद्धान्त आणि धावणाऱ्यांचे श्रम

६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये दुसरा आला. पहिला आलेला केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्यापुढे सेकंदाच्या विसाव्या भागाइतकाच होता. १९९८ ते २०१८ या काळातील सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची अठराच्या अठरा पदके केनियाने नेली होती. त्या अठरांच्या भिंतीला पहिले भगदाड एका मराठी पोराने पाडले, याचा आनंद आमच्याकडे सर्वत्र झाला. तो रास्तच होता.

त्यानंतरच्या सोमवारी मी वर्गात विचारले, केनियाचे लोकच ही शर्यत इतकी वर्षे का जिंकतात? एका मुलाने तत्काळ उत्तर दिले, "त्यांच्या रक्तातच आहे, सर." दुसरा म्हणाला, "गरिबी, सर. भूक माणसाला पळवते." पहिल्याला मी खोडून काढले. दुसऱ्याला मान डोलावली. घरी आल्यावर लक्षात आले की मान डोलावण्यात माझी चूक झाली. ही दोन्ही उत्तरे एकाच वृत्तीची आहेत. दोन्हींत धावणारा माणूस स्वतः काहीच करीत नाही. एकात रक्त धावते, दुसऱ्यात भूक धावते. माणूस कुठे आहे?

प्रथम रक्ताचा सिद्धान्त पाहू. त्याची आधुनिक मांडणी जॉन एन्टाइन यांच्या 'टॅबू' या २००० साली अमेरिकेत निघालेल्या पुस्तकात आढळते. काळ्या खेळाडूंच्या यशाचे मूळ त्यांच्या जीवशास्त्रात आहे, पश्चिम आफ्रिकी वंशाचे लोक कमी पल्ल्याला आणि पूर्व आफ्रिकेचे लोक लांब पल्ल्याला निसर्गतःच अनुकूल आहेत आणि हे बोलायला लोक भितात, असा या पुस्तकाचा सूर आहे. आपण निषिद्ध सत्य धाडसाने सांगत आहोत, हा आविर्भाव त्यात आहे. पण जन्मावरून माणसाचे सामर्थ्य ठरते हे सांगायला कधी धाडस लागले होते? आपल्या देशात तर ते धर्मशास्त्र होते.

केनियाच्या यशाचा मोठा वाटा कालेंजिन लोकांचा आहे, हे खरे. २०१९ च्या जनगणनेत ते देशाच्या लोकसंख्येत सुमारे १३ टक्के होते. पण हे कालेंजिन कोण? नांदी, किप्सिगिस, केयो, तुगेन, माराक्वेत, पोकोत अशा भाषाबंधू जमातींचे हे एकत्रित नाव आहे आणि ते १९४० च्या दशकात रूढ होऊ लागले. शिकलेल्या तरुणांनी व रेडिओवरील निवेदकांनी ते पुढे आणले. त्याचा अर्थ 'मी तुम्हांला सांगतो' एवढाच. इंग्रजी राज्यात आपले संख्याबळ दिसावे म्हणून माणसांनी जाणीवपूर्वक घडवलेली ही अस्मिता आहे. जे नाव रेडिओइतकेच जुने, त्याच्या आड अनादी रक्त शोधायचे, याला शास्त्र कसे म्हणावे?

शिवाय केनियाचे पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक कालेंजिनाचे नव्हेच. १९६८ साली मेक्सिको शहरात दहा हजार मीटरची शर्यत जिंकणारा नाफ्ताली तेमू हा किसी जमातीचा. २००८ साली बीजिंगला मॅरेथॉन जिंकणारा सॅम्युएल वांजिरू किकुयू. त्याच बीजिंगला पामेला जेलिमोने आठशे मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवले. केनियाच्या स्त्रीचे ते पहिले ऑलिम्पिक सुवर्ण. म्हणजे भावाच्या पदकानंतर बहिणीच्या पदकाला चाळीस वर्षे लागली. रक्त तर दोघांचे एकच होते! ही चाळीस वर्षे रक्ताने घेतली, की चूल, लग्न आणि शाळेच्या बंद दाराने?

शरीर नाकारण्याचे मला कारण नाही. स्वीडिश शरीरशास्त्रज्ञ बेंग्ट साल्टिन यांनी केनियाच्या धावपटूंची तपासणी केली. त्यांच्या सडपातळ पोटऱ्या, कमी प्राणवायूत अधिक अंतर कापण्याची हातोटी, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून उंच जागी गेलेले बालपण, या गोष्टी खऱ्या आहेत. परंतु ज्या जनुकांचा सहनशक्तीशी संबंध जोडला जात होता, त्यांची केनियाच्या अव्वल धावपटूंत आणि सामान्य केनियन माणसांत तुलना झाली, तेव्हा त्यांत यशाचा उलगडा करील असे काही सापडले नाही. आणि उंचीवर तर नेपाळ आणि पेरूही आहेत.

मग उलगडा कुठे आहे? तो इतिहासात आहे. या दृष्टीने जॉन बेल आणि जो सँग यांचे 'केनियन रनिंग' हे १९९६ चे पुस्तक मला फार मोलाचे वाटते. केनियाचे धावणे हे निसर्गाचे देणे नसून विशिष्ट काळात, विशिष्ट सत्तेखाली घडलेली संस्कृती आहे, ही त्यांची भूमिका आहे.

ती सत्ता कशी होती? नांदी लोकांनी इंग्रजांच्या रेल्वेला आणि राज्याला सुमारे दहा वर्षे झुंजवले. १९ ऑक्टोबर १९०५ रोजी त्यांचा नेता कोइतालेल अराप सामोई याला बोलणीसाठी बोलावून रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने ठार केले. नांदींना राखीव पट्ट्यात ढकलण्यात आले आणि सुपीक जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांना मिळाल्या. तरुणांचे गुरे पळवून आणण्याचे पराक्रम बंद पाडायचे, तर त्यांची रग जिरवायला काहीतरी हवे होते. शाळा, लष्कर, पोलीस आणि तुरुंग खाते यांतून आखलेल्या धावपट्टीवरच्या शर्यती आल्या. १९५१ साली वसाहतीत ॲथलेटिक्सची संघटना स्थापन झाली. १९५४ साली न्यांदिका माइयोरो आणि लाझारो चेपक्वोनी लंडनमध्ये धावले, तेव्हा अनवाणी धावणाऱ्या या माणसांकडे इंग्रज प्रेक्षक कुतूहलाने पाहत होते.

पण ज्याने धावायला लावले, त्याच्याच मालकीचे धावणे राहत नाही. स्वातंत्र्यानंतर एका वर्षाच्या आत, १९६४ साली, विल्सन किप्रुगुतने टोकियोला आठशे मीटरचे कांस्यपदक आणले. १९६८ मध्ये पोलीस खात्यातल्या किपचोगे केइनोने पंधराशे मीटरमध्ये अमेरिकेच्या जिम रायनला मागे टाकले. त्याच स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये आमोस बिवोट पहिला आला. या शर्यतीत अठ्ठावीस वेळा अडसर आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पाण्याच्या अडसरावर पाय टेकवून पुढे झेपावायचे, ही शिष्टसंमत पद्धत. बिवोट पाय न टेकवता, पाण्याचा थेंब न लावून घेता पलीकडे जाई. त्याची उडी विचित्र, अशिक्षित म्हणून वर्णिली गेली. पदक मात्र त्याला मिळाले. १९६८ ते २०१६ या काळात ज्या ज्या ऑलिम्पिकमध्ये केनिया उतरला, त्या प्रत्येकात पुरुषांच्या स्टीपलचेसचे सुवर्ण केनियाकडेच गेले. ती मालिका मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीने टोकियोत २०२१ साली तोडली. रक्त बदलले नव्हते. मोरोक्को शिकला होता.

अशी मालिका शिकवण्यातून उभी राहते. १९७६ साली कोल्म ओकॉनेल हे आयरिश धर्मबंधू इतेन येथील सेंट पॅट्रिक्स शाळेत भूगोल शिकवायला आले. धावण्याच्या प्रशिक्षणाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. ते मुलांकडे बघत बघत शिकले आणि मग शिकवू लागले. पीटर रोनो, स्टीपलचेसचा मॅथ्यू बिरिर, पुढे डेव्हिड रुदिशा हे ऑलिम्पिक विजेते त्यांच्या हाताखालून गेले. १९९२ च्या बार्सिलोनात स्टीपलचेसची तिन्ही पदके केनियाची होती. त्यात दुसरा आलेला पॅट्रिक सँग पुढे एलिउद किपचोगेचा गुरू झाला. जुन्याने नव्याला हात द्यायचा, घोळक्याने धावायचे, कच्च्या रस्त्यावर पहाटे एकत्र जमायचे: ही एक सामुदायिक विद्या आहे.

आता दुसऱ्या उत्तराकडे येतो, कारण ते आमच्या चळवळीतल्या माणसांना फार जवळचे वाटते. गरिबीने माणूस धावतो, हे आपण कौतुकाने सांगतो. मीही रोज चार मैल चालत शाळेत गेलो. मी धावपटू झालो नाही. माझ्या पायांना फक्त भेगा पडल्या. दारिद्र्य केनियाच्या सगळ्या प्रांतांत आहे आणि आमच्याकडेही ते काही कमी नाही. दारिद्र्यातून पदक निघत असते, तर आमच्या तांड्यांत आणि वस्त्यांत पदके ठेवायला जागा उरली नसती. साबळेसुद्धा शेतमजूर आईबापांच्या घरातून निघाला हे खरे. पण त्याला शर्यतीपर्यंत नेले ते महार रेजिमेंटमधील भरतीने, लष्करातील क्रॉस कंट्रीने आणि प्रशिक्षकाने. दुःखाचे गौरवीकरण करणारा माणूस नकळत दुःख टिकवणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी. महाविद्यालयात काही सहकारी मला प्रेमाने म्हणतात, "तुम्ही मुळातच हुशार." हे ऐकून मला बरे वाटत नाही. त्या 'मुळातच'मध्ये वसतिगृह नाहीसे होते, शिष्यवृत्ती नाहीशी होते, माझ्यासाठी शाळा सोडलेला थोरला भाऊ नाहीसा होतो. आपल्या साहित्याला 'अस्सल अनुभव' म्हणून शाबासकी देत त्यातील रचनेविषयी मौन पाळणारी समीक्षा हेच करते. निसर्गदत्त म्हणणे हा श्रमांवर दरोडा आहे, मग तो कवितेवर पडो की धावपट्टीवर.

आणि ज्याला श्रम दिसत नाहीत, त्याला श्रमिकाचे शोषणही दिसत नाही. हेन्री रोनोने १९७८ साली ८१ दिवसांत चार विश्वविक्रम केले, त्यांत स्टीपलचेसचाही होता. तो ऑलिम्पिक कधीच धावला नाही. १९७६ चा बहिष्कार वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी खेळणाऱ्या न्यूझीलंडच्या सहभागाविरुद्ध होता, १९८० चा अमेरिकेच्या बाजूने. पहिल्या बहिष्काराचा मला अभिमान वाटतो. पण त्याची किंमत ज्याने भरली, त्याला पुढे दारू आणि बेघरपणा भोगावा लागला, हेही आपण लिहिले पाहिजे. २००३ साली स्टीफन चेरोनो कतारचा सैफ सईद शाहीन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने स्टीपलचेसचा विश्वविक्रम केला. स्त्रियांच्या स्टीपलचेसचे २०१६ व २०२४ चे ऑलिम्पिक सुवर्ण केनियात जन्मलेल्या रूथ जेबेट आणि विनफ्रेड यावी यांनी मिळवले, पण बहारीनसाठी. केनियाच्या नावावर या शर्यतीत स्त्रियांचे ऑलिम्पिक सुवर्ण अद्याप नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ॲग्नेस तिरोपचा इतेनमधील घरात खून झाला. पतीवर आरोप ठेवण्यात आला. त्याच्या महिनाभर आधी तिने केवळ स्त्रियांच्या दहा किलोमीटर शर्यतीत विश्वविक्रम केला होता. तिच्या पायांत रक्ताची जादू शोधणाऱ्यांना ती कमावती बाई म्हणून दिसली असती, तर तिच्या कमाईवर आणि जिवावर कोणाचा ताबा आहे, हा प्रश्न आधी विचारला गेला असता.

हे सारे मी पुढच्या तासाला वर्गात मांडले. रक्तवाला मुलगा गप्प होता. गरिबीवाला उठून म्हणाला, "म्हणजे तिथे एक भूगोलाचा मास्तर होता. आमचा कुठे आहे, सर?"

आमच्या महाविद्यालयाला मैदान नाही. मी भूगोलही शिकवत नाही, मराठी शिकवतो. तरी त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी दुसऱ्या कोणावर ढकलू शकत नाही. हा अंक वाचणाऱ्या शिक्षकांनाही ते ढकलता येणार नाही.