कर्ता नसलेले वाक्य : सीमाभागातील गोळीबार, स्मरण आणि उत्तरदायित्व

बेळगाव-निपाणी परिसरात वर्षातले काही दिवस हुतात्म्यांच्या स्मरणाचे असतात. १७ जानेवारीला १९५६ च्या गोळीबारातील हुतात्म्यांना अभिवादन केले जाते. १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील बळींचे स्मरण होते. ६ एप्रिल ही तारीख शेतकरी चळवळ विसरलेली नाही, कारण १९८१ साली त्या दिवशी निपाणीत तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. प्रस्तुत लेखात या घटनांचा इतिहास नव्याने सांगण्याचा हेतू नाही. या घटनांविषयी आपण कोणत्या भाषेत बोलतो आणि लिहितो, आणि त्या भाषेमुळे कोणता प्रश्न झाकला जातो, याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

तीन गोळीबार

सर्वसाधारण समज असा की, सीमाभागातील पोलिसी अत्याचार हा भाषिक अन्यायाचाच एक भाग आहे. मराठी माणूस कन्नड राज्यात अडकला, म्हणून त्याच्यावर गोळी चालली. हा समज तिन्ही घटनांना लावून पाहावा.

१७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळीबार झाला, तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. तो म्हैसूर राज्यात गेला तो त्याच वर्षी १ नोव्हेंबरला. म्हणजे त्या दिवशी बंदूक उचलणारे पोलीस मुंबई राज्याचे होते, मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते आणि लागू असलेला कायदा १९५१ चा मुंबई पोलीस कायदा होता. त्याच आठवड्यात मुंबई शहरातही याच सरकारचे पोलीस संयुक्त महाराष्ट्रवाद्यांवर गोळ्या झाडीत होते.

१९८१ च्या निपाणी आंदोलनात राज्य कर्नाटकाचे होते, परंतु प्रश्न भाषेचा नव्हता. शरद जोशी आणि निपाणीचे प्रा. सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी तंबाखूला रास्त भाव मागत होते. १४ मार्चपासून पुणे-बंगलोर महामार्गावर त्यांनी ठाण मांडले होते आणि त्या जागेला आंदोलननगर असे नाव पडले होते. भाव पाडणारे व्यापारी आणि नाडला जाणारा शेतकरी यांच्यातील हा संघर्ष होता. त्याचा शेवट १२ शेतकऱ्यांच्या मृत्यूने झाला.

१९८६ साली राज्य कर्नाटकाचे आणि प्रश्न भाषेचा, असे दोन्ही एकत्र आले. त्या आंदोलनात ९ जणांचा बळी गेला.

तिन्ही घटनांत राज्य एक नाही आणि मागणीही एक नाही. समान आहे ती एकच गोष्ट : नि:शस्त्र जमावावर गोळी झाडण्याचा अधिकार, आणि त्या अधिकाराच्या वापराचा हिशेब न देण्याची सोय. म्हणून भाषिक अन्यायाचे स्पष्टीकरण खोटे नसले तरी अपुरे आहे, असे म्हणावे लागेल.

दोन पक्ष, एकच व्याकरण

शासकीय निवेदनाचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. जमाव हिंसक बनला, परिस्थिती हाताबाहेर गेली, नाइलाजाने गोळीबार करावा लागला, त्यात काही जण ठार झाले. या वाक्यांत क्रिया आहेत, पण कर्ता फक्त पहिल्या वाक्यात आहे आणि तो जमाव आहे. गोळीबार ‘करावा लागतो’ किंवा ‘करण्यात येतो’. माणसे ‘ठार होतात’. हुकूम कोणी दिला, बंदूक कोणाच्या हातात होती, त्याआधी इशारा दिला होता काय, याला या वाक्यरचनेत जागाच नाही. मराठीतील कर्मणी प्रयोग अशा वेळी शासनाच्या फार उपयोगी पडतो.

हे आपल्या लक्षात येते आणि आपण त्यावर टीकाही करतो. परंतु आपल्या बाजूचे वाक्यही तपासले पाहिजे. स्मरणिकांत, भाषणांत, फलकांवर आपण लिहितो : अमुक इतक्या जणांनी हौतात्म्य पत्करले. येथे कर्ता आहे, पण तो मेलेला माणूस आहे. पत्करणे म्हणजे जाणूनबुजून स्वीकारणे. जणू मृत्यू हा त्याचाच निर्णय होता आणि गोळी झाडणाऱ्याचा त्यात काही भागच नव्हता. हुतात्मा या शब्दाचा अर्थच मुळी स्वत:ची आहुती दिलेला, असा आहे. आदर व्यक्त करण्यासाठी वापरलेला हा शब्द नकळत शासनाच्या वाक्याला पूरक ठरतो. एका वाक्यात गोळी आपोआप सुटते, दुसऱ्या वाक्यात माणूस आपणहून मरतो. दोन्ही वाक्यांतून मारणारा नाहीसा होतो.

येथे शहीद या दुसऱ्या शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. तो अरबीतून आला आहे आणि त्याच्या धातूचा मूळ अर्थ साक्ष देणे असा आहे. शहादत म्हणजे साक्षही आणि बलिदानही. या मूळ अर्थाने पाहिले तर मेलेला माणूस केवळ वंदनीय राहत नाही, तो एका खटल्याचा साक्षीदार ठरतो. साक्षीदाराला हार घालून भागत नाही. त्याची साक्ष नोंदवावी लागते.

कायद्याची भिंत

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. मारणाऱ्याला वाक्यातून वगळण्याची सोय कायद्यातही आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जमाव पांगवण्यासाठी केलेल्या कृत्यांना कलम १३२ चे संरक्षण होते : शासनाच्या परवानगीशिवाय संबंधितांवर खटला भरता येत नसे. १९५६ साली हेच कलम लागू होते. १९७३ ची नवी संहिता आली, तिच्यातही ते कलम १३२ म्हणूनच राहिले. १९८१ आणि १९८६ मध्ये ते लागू होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. तिच्यात तेच संरक्षण कलम १५१ मध्ये आहे. इंग्रज गेले, राज्ये बदलली, संहितेचे नाव बदलले, संरक्षण मात्र कायम राहिले.

कर्नाटकात याला १९६३ च्या कर्नाटक पोलीस कायद्यातील कलम १७० ची जोड आहे. २०२० साली कर्नाटकातीलच एका पोलीस अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, अधिकाऱ्याने कर्तव्याची मर्यादा ओलांडली असली तरी कृत्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध असेल, तर परवानगीचे संरक्षण त्याला मिळते. म्हणजे ज्या शासनाच्या पोलिसांविरुद्ध तक्रार आहे, त्याच शासनाकडे खटल्याची परवानगी मागावयाची. सामान्य माणसाला या दारातून आत जाणे किती कठीण, हे वेगळे सांगावयास नको.

सप्टेंबर २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापन करण्याचे आदेश दिले. कर्नाटकाने २०१२ साली आणि महाराष्ट्राने २०१४ साली आपापल्या पोलीस कायद्यांत दुरुस्ती करून त्यांची तरतूद केली. तरतूद कागदावर आली, ही प्रगतीच आहे. पण आपल्या जिल्ह्यात असे प्राधिकरण आहे, हे खेड्यापाड्यांतील किती माणसांना ठाऊक असते?

रमाबाई नगरचे उदाहरण

११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतप्त वस्ती रस्त्यावर आली आणि राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात १० जणांचा बळी गेला. जवळच्या गॅस टँकरला आग लावली जाण्याचा धोका होता, असे समर्थन पोलिसांनी केले. न्या. गुंडेवार आयोगाने ते मान्य केले नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला, हेही नमूद केले पाहिजे. न्याय पूर्ण झाला असे कोणी म्हणणार नाही.

तरीही या घटनेच्या स्मरणात एक गोष्ट वेगळी आहे. रमाबाई नगर म्हटले की बळींच्या बरोबरीने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्याचे नावही निघते. तेथील वाक्याला कर्ता आहे. वस्तीने मृतांचा शोक केला, पण केवळ शोकावर ती थांबली नाही. हुकूम कोणी दिला हा प्रश्न तिने वर्षानुवर्षे सोडला नाही. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींबाबत न्या. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या अहवालात ३१ पोलीस अधिकारी-कर्मचाऱ्यांवर ठपका ठेवला. त्यावर कारवाई किती झाली हे सर्वज्ञात आहे. परंतु ठपका नावानिशी नोंदला गेला, म्हणूनच कारवाई न झाल्याचा जाब विचारता येतो. नोंदच नसेल तर जाबही नाही.

बेळगाव-निपाणीच्या स्मरणात बळींची संख्या सर्वांना पाठ आहे. पण गोळीबाराचा हुकूम कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने दिला, त्या वेळी दंडाधिकारी हजर होते काय, अश्रुधूर वा लाठीमार आधी झाला काय, किती फैरी झाडल्या आणि जखमा शरीराच्या कोणत्या भागावर होत्या, हे कितीजण सांगू शकतील? हे प्रश्न व्यासपीठावरून विचारले जात नाहीत. तेथे एकच मागणी होते : महाराष्ट्रात सामील करा. ती मागणी आपल्या जागी योग्य असेल. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहेच. पण गोळीबाराचा जाब हा सीमाप्रश्नाच्या निकालापर्यंत थांबवून ठेवण्याचा विषय नव्हे. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर पवना जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन तिघांचा बळी गेला, तो महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राच्याच पोलिसांकडून. सीमा बदलल्याने बंदूक बदलत नाही.

येळ्ळूर आणि अशांततेची दिशा

जुलै २०१४ मध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूर गावातील ‘महाराष्ट्र राज्य’ असा उल्लेख असलेला फलक उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर प्रशासनाने हटवला. गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला. २७ जुलैला पोलिसांनी तो पुन्हा काढला आणि लाठीमार केला. पोलीस घरांत शिरून माणसांना मारत असल्याची दृश्ये दूरचित्रवाणीवरून सर्वत्र दिसली. फलक काढणे हा आदेशाच्या अंमलबजावणीचा भाग होता, असे मानता येईल. घरात शिरून मारणे हा कोणत्या आदेशाचा भाग होता? चर्चा मात्र फलकाचीच झाली. दोन्ही राज्यांचे नेते फलकावर बोलले. गावकऱ्यांवर खटले भरले गेले आणि ते अनेक वर्षे चालले.

जेव्हा जाब विचारण्याचा मार्ग बंद असतो, तेव्हा संताप नाहीसा होत नाही, तो दुसरीकडे वळतो. सीमाभागात त्याला वळण्यासाठी तयार पाट आहे, तो म्हणजे भाषा. काठी मारणारा सुटतो आणि राग निघतो तो बसच्या चालकावर, ट्रकवर, परभाषक दुकानदारावर. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला, तेव्हा हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली आणि पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. त्यात ज्यांचे नुकसान झाले त्यांचा वादाशी संबंध नव्हता. हा पाट किती सहज वाहू लागतो, एवढेच यावरून दिसते.

सीमाभागातील मुस्लिम समाजाची स्थिती येथे विचार करण्याजोगी आहे. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड, असा त्याचा दिवस जातो. दोन्ही बाजूंच्या भाषिक कथेत त्याला जागा नाही. पोलीस ठाण्याची पायरी मात्र त्यालाही चढावी लागते. पोलिसांचे उत्तरदायित्व हा कोणत्याही एका भाषेचा प्रश्न नाही, हे त्याला अनुभवाने कळते. कन्नड भाषक शेतमजुरालाही ते कळते.

समारोप

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. जमावाकडूनही दगडफेक होते, पोलीसही जखमी होतात आणि साधा शिपाई वरिष्ठांच्या हुकुमाचा ताबेदार असतो. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच नोंद दोन्ही बाजूंची हवी. दगड कोणी मारला हेही लिहावे आणि हुकूम कोणी दिला हेही. कर्त्याचे नाव विचारल्याने निरपराध शिपायाचे संरक्षणच होते, कारण जबाबदारी योग्य खांद्यावर जाते.

यासाठी एक साधन हाताशी आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ८(३) नुसार वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती देण्यास बहुतेक अपवाद लागू होत नाहीत. देशाची सुरक्षितता, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे असे थोडेच अपवाद उरतात. १९५६, १९८१ आणि १९८६ या तिन्ही घटना वीस वर्षांच्या पलीकडच्या आहेत. जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस ठाणे आणि रुग्णालये यांच्या दप्तरांत त्या दिवसांचे जे कागद उरले असतील, ते मागण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. सीमाभागातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि समाजशास्त्र विभागांनी हे काम विद्यार्थ्यांकडून, मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषांत, करून घ्यावे. त्या दिवसांचे साक्षीदार आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्या जबान्या आज टिपल्या नाहीत तर पुढे टिपता येणार नाहीत.

स्मारकावर नावे कोरलेली आहेत, ती राहोत. त्यांच्याखाली एक पूर्ण वाक्य लिहिले जाईल एवढी सामग्री गोळा करणे, हे आता अभ्यासकांचे काम आहे.