‘द सोशल रेकनिंग’ : उत्तरभागाची जुळणी आणि पडद्याबाहेरचा वापरकर्ता

डेव्हिड फिंचर दिग्दर्शित ‘द सोशल नेटवर्क’ (२०१०) हा फेसबुकच्या जन्मकथेवरील चित्रपट होय. बेन मेझरिक यांच्या पुस्तकावरून ॲरन सॉर्किन यांनी पटकथा लिहिली आणि तिला ऑस्कर मिळाले. संकलन व संगीत धरून चित्रपटास एकूण तीन ऑस्कर लाभले. २०२५ मध्ये ‘द सोशल रेकनिंग’ या नावाने त्याचा उत्तरभाग जाहीर झाला व ९ ऑक्टोबर २०२६ ही प्रदर्शनाची तारीख देण्यात आली. या वेळी लेखनाबरोबरच दिग्दर्शनही सॉर्किन यांचेच आहे. मार्क झुकरबर्गच्या भूमिकेसाठी जेसी आयझेनबर्गऐवजी जेरेमी स्ट्राँग यांची निवड झाली. ‘मुंबई-पुणे-मुंबई’सारख्या मालिकेत तीच जोडी पुढे चालताना पाहण्याची सवय झालेल्या मराठी प्रेक्षकास हा उत्तरभाग काहीसा परका वाटावा. येथे नट बदलला, दिग्दर्शक बदलला आणि मुख्य म्हणजे प्रश्नही बदलला.

पहिल्या चित्रपटाचा प्रश्न मालकीचा होता. कल्पना कोणाची, भागीदारी कोणाची, या दोन दाव्यांतील जबान्यांच्या चौकटीत संपूर्ण कथानक बसविलेले आहे. ज्या कोट्यवधींनी ते संकेतस्थळ वापरले, त्यांना त्यात स्थान नाही. ते केवळ वाढत्या आकड्यांतून जाणवतात. अपवाद एकच. अखेरच्या दृश्यात संस्थापक स्वतःच दुरावलेल्या मैत्रिणीला मैत्रीची विनंती पाठवून पडदा पुनःपुन्हा ताजा करीत बसतो. त्या क्षणी तो मालक राहत नाही, उत्तराची वाट पाहणारा सामान्य वापरकर्ता होतो. चित्रपटातील सर्वांत बोलके दृश्य हेच आणि त्यात संवाद जवळजवळ नाहीत, ही बाब लक्षणीय आहे.

उत्तरभागाने प्रश्न मालकीकडून परिणामांकडे वळविला आहे. कंपनीतील माजी अधिकारी फ्रान्सिस हॉगेन (भूमिका : मायकी मॅडिसन) यांनी अंतर्गत कागदपत्रे बाहेर आणली आणि ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे पत्रकार जेफ हॉर्विट्झ (जेरेमी ॲलन व्हाइट) यांनी सप्टेंबर २०२१ पासून सहकाऱ्यांसह ती उजेडात आणली, हा त्याचा विषय. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी हॉगेन यांची अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष झाली. पुन्हा साक्ष, पुन्हा प्रश्नोत्तरे. सॉर्किन यांच्या लेखणीचे बळ तेथेच आहे आणि भीतीही तेथेच आहे.

कारण याच कागदपत्रांत भारताविषयीची पाने आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीच्या एका संशोधकाने भारतातील वापरकर्ता म्हणून एक चाचणी खाते उघडले. नियम एवढाच की, यंत्रणा जे सुचवील तेवढेच अनुसरायचे. पुलवामा हल्ल्यानंतरच्या त्या दिवसांत जेमतेम तीन आठवड्यांत त्या खात्यावर द्वेष, खोट्या बातम्या आणि प्रेतांची छायाचित्रे यांचा पूर आला. या प्रसंगात कोणी कोणाशी बोलत नाही. केवळ अंगठा सरकत राहतो. वाक्चातुर्यावर उभ्या असलेल्या नाट्यशैलीस ही शांतता पेलणे सोपे नाही.

दुसरे पान भाषेचे. अपप्रचार ओळखण्यासाठी राखलेल्या जागतिक तरतुदीपैकी ८७ टक्के वाटा अमेरिकेसाठी होता; दैनंदिन वापरकर्त्यांत उत्तर अमेरिकेचा हिस्सा मात्र सुमारे १० टक्के. द्वेषपूर्ण मजकूर टिपणारी यंत्रणा हिंदीसाठी २०१८ मध्ये, बंगालीसाठी २०२० मध्ये आली. हे नांदेड जिल्ह्यात बसून वाचले म्हणजे त्याचा अर्थ निराळा होतो. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, किनवट-माहूरकडे गोरमाटी, गोंडी व कोलामी, शहरात दखनी-उर्दू. शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरकडे कन्नड. एकाच बाजारात चार भाषा बोलणाऱ्या या पट्ट्यातील मजकूर यंत्राने कसा वाचावा, हा येथे पुस्तकी प्रश्न राहत नाही.

फेसबुकने २०१४ मध्ये विकत घेतलेल्या व्हॉट्सॲपची कथा वेगळी, कारण तेथील संदेश कंपनीलाही वाचता येत नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. मृत नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढा परिसरातील भिक्षेकरी होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. राईनपाड्यास यंत्राचे अपयश म्हणून मोकळे होणे अर्थात अप्रामाणिकपणाचे ठरेल. भटक्यांविषयीचा संशय मोबाइलहून जुना आहे, माळेगावच्या (ता. लोहा) यात्रेत परंपरेने एकत्र येणाऱ्या भटक्या जमातींना तो पुरता ठाऊक आहे. यंत्राने त्यास वेग दिला.

२०२४ मध्ये सॉर्किन यांनी नव्या चित्रपटाविषयी बोलताना ६ जानेवारी २०२१ च्या अमेरिकी संसदभवनावरील हल्ल्यासाठी फेसबुकला जबाबदार धरले होते. लेखकाने आपल्या देशाच्या जखमेपासून आरंभ करावा, यात गैर काही नाही. तथापि निर्मितीच्या घोषणेत पुढे आलेली झुकरबर्ग, हॉगेन व हॉर्विट्झ ही तिन्ही प्रमुख पात्रे अमेरिकी असून कंपनी, कागदपत्रे व वृत्तपत्र यांच्याच वर्तुळातील आहेत. चाचणी खात्याच्या त्या तीन आठवड्यांना नट लागत नाही. एक हात, एक भ्रमणध्वनी आणि प्रेक्षकास अस्वस्थ करण्याइतका वेळ दिला तरी पुरे.